रिकामी तालीम : एका नियमावलीच्या तपासाच्या नोंदी

१२ जून
सेक्रेटरींनी काल संध्याकाळी आमच्या कुस्तीच्या तालमीची नियमावली घरी आणून दिली. ४१ नियम आहेत. पहिले २० टाइपरायटरवरचे, पुढचे वेगवेगळ्या अक्षरांत, शेवटचे काही बॉलपेनने. ११ ऑगस्टला वार्षिक सभा आहे, तोवर सगळं कॉम्प्युटरवर उतरवून छापखान्यात द्यायचं, एवढंच काम सांगितलं होतं. मी आणखी एक मागून घेतलं : हे ४१ नियम एकमेकांशी सुसंगत आहेत का, ते तपासू द्या.

कारण साधं आहे. कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवते, म्हणजे हाच विषय. ज्या विधानसंचातून एखादं विधान आणि त्याच विधानाचा नकार अशी दोन्ही सिद्ध होत नाहीत, तो सुसंगत. मुलांना व्याख्या पाठ असते आणि उदाहरणं पुस्तकातली असतात. माणसं ज्या नियमांखाली राहतात, जेवतात, भांडतात, अशी नियमावली मी कधी तपासलेली नाही. ही तालीम तर वडिलांची. ते गेले तेव्हा खांदा द्यायला कुस्तीचा अख्खा हौद आला होता.

१४ जून
सकाळी तालमीत गेले. मेहनत संपत आली होती, पोरं हौदातली माती ओढून सारखी करत होती. ताक, तेल, हळद मुरलेल्या त्या मातीचा वास आला की मला शाळेतले दिवस आठवतात. ऑफिसच्या खोलीत वस्तादकाका बसले होते. काय तपासणार आहेस, म्हणाले.

मी म्हटलं, नियम खरे आहेत की खोटे, बरे की वाईट, हे मी बघणार नाही. ते सगळे एकाच वेळी पाळता येतात का, एवढंच बघणार. त्यांना फरक पटेना. मग आपल्या जुन्या शास्त्रातली जोडी कामी आली. सशाचं शिंग आणि वांझेचा पोरगा. दोन्ही जगात नाहीत म्हणून आपण दोन्ही एकाच दमात म्हणतो, पण त्यांची जात वेगळी आहे. सशाला शिंग नाही हे बघून कळतं. उद्या शिंगवाला ससा सापडला तर नवल वाटेल, पण शब्द एकमेकांना खाणार नाहीत. वांझेचा पोरगा मात्र शोधायला जायचीच गरज नाही. वांझ म्हटलं की पोरगा नाही, हे शब्दातच आहे. पहिलं नुसतं खोटं, दुसरं विसंगत.

‘‘म्हंजे आमच्या नियमात वांझेचं पोर हाय का, ते बघणार तू,’’ काका म्हणाले. याहून नेमकं मला वर्गात सांगता आलेलं नाही.

१९ जून
नियम चिन्हांत उतरवायला पाच रात्री गेल्या. एका माणसाबद्दल नियमावली नऊ गोष्टी विचारते : मुक्कामी आहे का, सभासद आहे का, १८ पूर्ण आहे का, वर्गणी भरली का, तालमीच्या नावाने कुस्ती धरतो का, वगैरे. प्रत्येकीला हो किंवा नाही. पुढे लागतील म्हणून तीन नियम इथे उतरवून ठेवते.

नियम ४ : तालमीत मुक्काम करणारा प्रत्येक पैलवान मंडळाचा सभासद राहील.
नियम ९ : सभासदाचे वय १८ वर्षे पूर्ण असावे.
नियम २३ : मुक्कामाची सोय फक्त १८ वर्षांखालील पैलवानांसाठी राहील.

२३ वा नियम वस्तादकाकांनी पंधरा वर्षांपूर्वी मांडलेला. खोल्या दोनच आहेत आणि राधानगरी, भुदरगडकडून बारा-तेरा वर्षांची पोरं येतात. मोठ्यांना बाहेर खोली मिळते, पोरांना कोण देणार?

२२ जून
नऊ गोष्टी, म्हणजे एका माणसाच्या ५१२ शक्यता. प्रोग्राम सगळ्या ओळींवरून फिरला. ज्या ओळीत एकही नियम मोडत नाही अशा ३८ उरल्या. एक उरली असती तरी पुरे होतं. उत्तर : सुसंगत.

पहिल्या दिवशीच्या व्याख्येत सिद्धतेची भाषा होती आणि मी मात्र सिद्धता न शोधता ओळी मोजल्या. हे चालतं, कारण या दोन वाटा एकाच गावाला जातात. सगळे नियम पाळणारं एखादं प्रतिमान (मुलांना सांगताना मी ‘जग’ म्हणते) सापडलं, की त्या नियमांतून व्याघात, म्हणजे एखादं विधान आणि त्याचाच नकार, निघूच शकत नाही. उलट दिशाही खरी आहे. विधानांच्या तर्कशास्त्रापुरतं ते एमिल पोस्ट या तर्कशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये दाखवलं आणि ‘प्रत्येक’, ‘काही’ असे शब्द असलेल्या तर्कशास्त्रासाठी कुर्ट गोडेलने १९२९ च्या प्रबंधात. व्याघात निघत नसेल तर कुठेतरी जग असतंच.

सेक्रेटरींना फोन करून सांगितलं. फार आनंद झाला त्यांना.

२४ जून
३८ ओळींचा कागद काकांना दाखवायला नेला. चष्मा लावून त्यांनी बोटाने एकेक रकाना वरून खाली वाचला. मुक्कामाच्या रकान्याशी बोट थांबलं. वरपासून खालपर्यंत ‘नाही’.

‘‘आणि मग पोरं कुठं गेली गं?’’

मला उत्तर देता आलं नाही. आतल्या खोलीत अकरा जणांच्या वळकट्या मला बसल्या जागेवरून दिसत होत्या.

२५ जून
रात्रभर तेच डोक्यात होतं. मुक्कामी असेल तर सभासद (४), सभासद असेल तर अठरा पूर्ण (९), मुक्कामी असेल तर अठरा पूर्ण नाही (२३). तिन्ही पाळायचे तर मुक्कामी कुणी असताच कामा नये. माझ्या प्रोग्रामने जग शोधून दिलं हे खरंच, पण ते रिकाम्या तालमीचं. तिथे कुणी राहत नाही, म्हणून तिथे राहणाऱ्यांबद्दलचा कुठलाही नियम मोडत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ‘सर्व अ हे ब आहेत’ आणि ‘एकही अ ब नाही’ ही दोन्ही विधानं एकदम खरी असू शकत नाहीत, असं ॲरिस्टॉटलच्या मांडणीत आहे. आजच्या तर्कशास्त्रात ती खुशाल एकदम खरी होतात, अट एवढीच की अ कुणी नसावा. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहिते आणि पुढे जाते. त्या रिकाम्या ‘अ’मध्ये वळकट्या असू शकतात हे कधी मनात आलं नव्हतं.

इथून पुढे ‘सुसंगत’ एवढ्यावर थांबायचं नाही. प्रत्येक नियमाला विचारायचं : तू ज्याच्याबद्दल बोलतोस तो माणूस असलेलं एखादं जग आहे का?

२९ जून
आता अकरा मुक्कामी पोरं वस्तुस्थिती म्हणून आत घातली. कार्यकारिणीचे नियम माणसांना एकमेकांशी जोडतात, त्यामुळे सगळ्यांचा विचार एकत्र करावा लागतो. अकरा गुणिले नऊ, ९९ प्रश्न. शक्यतांची संख्या ३० आकडी होते, ओळी मोजणं संपलं. डेव्हिस, लॉगमन आणि लव्हलंड यांची १९६२ ची पद्धत लिहून काढली : एका प्रश्नाचं उत्तर धरून चालायचं, त्यातून जे भागच पडतं ते भरत जायचं, अडलं की मागे येऊन उलट उत्तर धरायचं. एक क्षणही लागला नाही. विसंगत.

संध्याकाळी ऑफिसात चार जण होते. खजिनदार म्हणाले, असू दे की विसंगत, एक कोपरा बिघडला तर बाकीची भिंत उभीच आहे ना. हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर ऐकून पहिल्यांदा कुणालाही धक्का बसतो. मी पाटीवर लिहिलं. समजा, हा भुदरगडचा पोरगा मुक्कामी आहे.

नियम ४ आणि ९ वरून : पोरगा १८ पूर्ण आहे.
म्हणून : पोरगा १८ पूर्ण आहे, किंवा रंकाळा तलाव तालमीच्या मालकीचा आहे. (‘किंवा’ची एक बाजू खरी असली की पुरते.)
नियम २३ वरून : पोरगा १८ पूर्ण नाही.
मग ‘किंवा’ची पहिली बाजू गेली. उरली दुसरी : रंकाळा तालमीच्या मालकीचा आहे.

एकही पायरी चुकीची नाही. रंकाळ्याच्या जागी काहीही घाला. वर्गणी बुडवणारा अध्यक्ष होऊ शकतो हेही सिद्ध होतं, होऊ शकत नाही हेही. पोस्टने तर व्याख्याच अशी केली होती : ज्यातून सगळंच्या सगळं सिद्ध होत नाही, ती व्यवस्था सुसंगत. मला ही व्याख्या जास्त आवडते. विसंगत नियमावली कुणाला ‘नाही’ म्हणूच शकत नाही, आणि नियमावली कशासाठी असते?

खजिनदार बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, आजवर कुणी रंकाळ्यावर हक्क सांगितला नाही तो का? मी म्हटलं, कारण नियम वाचताना आपण एकेक वाचतो, ४१ एकदम कुणी वापरत नाही. माणसं व्याघाताला वळसा घालून जगतात. एका व्याघातावरून सगळी व्यवस्था कोसळू नये अशी तर्कशास्त्रंही पुढे झाली, यास्कोव्स्की या तर्कशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये एक मांडलं. पण त्यात मघाच्या पायऱ्यांपैकी एखादी सोडावी लागते. वादात उभ्या राहिलेल्या माणसाला ती सोडायला कोण लावणार?

५ जुलै
दोषी गट शोधला. रीत कंटाळवाणी : एकेक नियम काढायचा, उरलेले अजूनही विसंगत असतील तर तो कायमचा बाजूला. ज्यातला कुठलाही एक काढला तर भांडण मिटतं, असा सगळ्यात आवळलेला गट शेवटी हातात राहतो. राहिले ४, ९ आणि २३.

कागद घेऊन बैठकीला गेले आणि पुढे जे झालं ते मला आवडलं नाही. तीनपैकी दोन नियम जुने, एक नवा. सगळ्यांची बोटं नव्याकडे गेली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, २३ काढा, पोरांची सोय करायला आपली तालीम काय वसतिगृह आहे? वस्तादकाका काही बोलले नाहीत. उठून हौदाकडे गेले.

तीन नियम एकत्र उभे राहू शकत नाहीत, एवढंच तर्कशास्त्र सांगतं. चूक कुणाची ते सांगत नाही. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेलचं पत्र आलं, तेव्हा आयुष्यभराच्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत होता. मुळाशी धरलेल्या सगळ्या स्वयंसिद्ध नियमांतून मिळून व्याघात निघत होता. त्यातल्या पाचव्यावर बोट ठेवताना फ्रेगेला नियमांच्या बाहेरचं, विषयाचं ज्ञान लागलं. मी हे तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही.

९ जुलै
चूक माझीच होती.

वस्तुस्थितीत मी फक्त ‘मुक्कामी आहे’ एवढंच भरलं होतं, पोरांच्या जन्मतारखा भरल्याच नव्हत्या. वय मला २३ व्या नियमाकडून कळत होतं, म्हणून तो गटात आला. आज रजिस्टर घेऊन अकराही वयं भरली. थोरला १७ चा, धाकटा १२ चा. पुन्हा गट काढला : नियम ४, नियम ९, आणि पोरगा मुक्कामी असून १८ चा नाही ही वस्तुस्थिती. २३ त्यात नाहीच. २३ पुसून टाकून चालवलं, तरी विसंगत.

भांडण ४ आणि ९ यांच्यात होतं आणि ते पहिल्या पानापासून होतं. पूर्वी मुक्कामाला दांडगे, कर्ते पैलवान असत. त्यांच्याबाबत दोन्ही नियम सुखाने पाळले जात. पहिलं लहान पोर ज्या रात्री इथे झोपलं त्या रात्री विसंगती आली, आणि कागदावरचं एक अक्षरही तेव्हा बदललेलं नव्हतं. काका ज्या पोरांसाठी २३ वा नियम करत होते, ती पोरं आधीच आलेली होती.

एका विसंगत संचात आवळलेले गट एकाहून जास्त असू शकतात, आणि कुठला हाती लागतो ते तुम्ही काय भरलं यावर ठरतं. ते बैठकीआधी लक्षात यायला हवं होतं. संध्याकाळी काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ‘‘मला ठावं हुतं,’’ म्हणाले, ‘‘पर तुझ्या कागदावर तसं आलं नव्हतं.’’

२० जुलै
चार दिवस पाऊस थांबलेला नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली आहे, नदीची पातळी दर तासाला फोनवर येते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. कॉलेजला सुट्टी.

आज ४१ वा नियम हाताळला : ‘या नियमावलीतील सर्व नियम परस्परांशी सुसंगत आहेत असे समजावे.’ कुणीतरी फार काळजीने लिहिला असणार. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टला गणितासाठी नेमकं हेच हवं होतं, पण नुसतं समजून नव्हे, सिद्ध करून. १९०० मध्ये पॅरिसला त्याने मांडलेल्या प्रश्नांत दुसरा प्रश्न अंकगणिताच्या सुसंगतीचा आहे. सप्टेंबर १९३० मध्ये कोनिग्सबर्गला, हिल्बर्टच्या ‘आपल्याला कळलंच पाहिजे’ या भाषणाच्या आदल्या दिवशी, तिथल्याच एका चर्चेत गोडेलने आपला पहिला निष्कर्ष सांगितला : अशा व्यवस्थेत सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधानं उरतात. दुसरा १९३१ मध्ये छापून आला : अंकगणित पोटात घेणारी व्यवस्था सुसंगत असेल, तर ती आपली सुसंगती स्वतःच्या बळावर सिद्ध करू शकत नाही. गेंट्झेन या गणितज्ञाने १९३६ मध्ये अंकगणिताची सुसंगती दाखवली, पण त्यासाठी त्याला अंकगणिताच्या बाहेरचं तत्त्व आणावं लागलं.

आमच्या ४१ नियमांना ही अडचण नाही. सगळं मोजता येण्याजोगं आहे, मशीन तपासून मोकळं होतं. पण एक गोष्ट इथेही तशीच लागू पडते. विसंगत व्यवस्था सगळंच सिद्ध करते, म्हणजे ‘मी सुसंगत आहे’ हेही सिद्ध करते. हे वाक्य आत लिहिलेलं असो वा आतून सिद्ध झालेलं, त्यावर विसंबून काहीच कळत नाही. साक्षीदार बाहेरचाच लागतो. ४१ वा नियम वगळावा, अशी टीप लिहिली.

२७ जुलै
पाणी उतरू लागलं. सेक्रेटरी छत्री घेऊन आले. घरी स्वाध्यायाची परंपरा असलेले, जैन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरगा सभासद आहे आणि सभासद नाही, हेच ना तुमचं दुखणं? मग कुठल्या अपेक्षेने आहे आणि कुठल्या अपेक्षेने नाही, ते लिहा की.

स्यात् अस्ति, स्यात् नास्ति. जैन तर्कातल्या सप्तभंगीतले, म्हणजे विधान करायच्या सात रीतींतले, पहिले दोन भंग. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका दृष्टीने’, सेक्रेटरींच्या शब्दांत ‘एका अपेक्षेने’. दृष्टी सांगितली की ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचं भांडण उरत नाही, कारण ती एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. मी महिनाभर कुठला नियम तोडायचा ते बघत होते. त्यांनी शब्द फोडायला सांगितलं.

मग दोघांनी बसून नियमावलीत ‘सभासद’ शब्द कुठे कुठे आहे ते मोजलं. १७ जागा. प्रत्येक ठिकाणी थांबून विचार केला : इथे मताचा हक्क असलेला म्हणायचंय की तालमीतला म्हणायचंय? मतदानाला पहिला अर्थ. हौदाच्या वेळा पाळायला दुसरा. वर्गणीपाशी बराच वेळ गेला. कागदावर सगळ्या सभासदांना आहे, पण मुक्कामी पोरांकडून आजवर कुणी घेतलेली नाही. उलट दुधाचे पैसे तालीम भरते. म्हणजे वर्गणीच्या नियमात सगळे मनात पहिलाच अर्थ धरून होते. तालमीच्या नावाने कुस्ती धरायला दुसरा. खासबाग मैदानात उतरणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला ‘आमचा सभासद’ म्हणून पुकारतात तेव्हा मताचा विचार कुणाच्याच डोक्यात नसतो.

१७ पैकी ९ ठिकाणी ‘मतदार सभासद’ आणि ८ ठिकाणी ‘तालीम सभासद’ झालं. मतदार तो तालीम सभासद असतोच, उलट नाही. चौथ्या नियमात तालीम सभासद, नवव्यात मतदार. २३ जसाच्या तसा. चालवून पाहिलं, अकरा पोरांसकट, वयांसकट : सुसंगत. रकाना मी स्वतः वरून खाली वाचला.

३ ऑगस्ट
आणि आज परत विसंगत. जुन्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव सापडला, नियमावलीत न उतरलेला : ‘कार्यकारिणीत मुक्कामी पैलवानांचा एक प्रतिनिधी असावा.’ कार्यकारिणी मतदार सभासदांचीच (नियम ११), मतदार १८ च्या वरचे, मुक्कामी १८ च्या खालचे. हा ठराव तर माणूस असलाच पाहिजे म्हणतो, रिकाम्या तालमीचा आडोसाही उरला नाही.

एक पूर्ण दिवस मी नियम ११ बदलायचे मसुदे केले. रात्री जेवताना आईला ठराव वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘पोरांचा प्रतिनिधी म्हणजे पोरांच्या वतीनं बोलणारा ना?’’

‘पैलवानांचा’ हा ‘चा’. मी तो ‘पैलवानांपैकी’ असा वाचून चिन्हांत उतरवला होता. ‘पैलवानांसाठी’ असाही तो होतो. दुसऱ्या वाचनाने ठराव सहज बसतो : कार्यकारिणीतला एक मतदार सभासद पोरांच्या बाजूने बोलायला नेमायचा. नियमांत व्याघात नव्हताच, माझ्या उतरवण्यात होता. आधीचे सगळे ‘चा, ची, चे’ पुन्हा तपासले. आणखी दोन ठिकाणी शंका आहे, पण दोन्ही वाचनं सुसंगत निघाली.

५ ऑगस्ट
ज्या सभेत तो ठराव झाला तिला हजर असलेले एक आजोबा साठमारी मैदानाजवळ राहतात. त्यांच्याकडे जाऊन आले. त्या सालचे मुक्कामी पैलवान वयाने मोठे होते, पण ते कामासाठी गावी जात, म्हणून त्यांच्या वतीने स्थानिक माणूस बसवायचा ठरलं होतं. म्हणजे ‘साठी’. लेखी टीप घेतली, खाली अंगठा नको म्हणाले, सही केली.

८ ऑगस्ट
शेवटची तपासणी. ४० नियम आणि एक ठराव. या वेळी जग मशीनला शोधायला लावलं नाही. तालमीचं रजिस्टर जसंच्या तसं दिलं, ६४ मतदार सभासद आणि ११ पोरं, आणि विचारलं की या जगात कुठला नियम मोडतो. एक मोडला : दोघांची वर्गणी थकलेली आहे. ती खजिनदारांनी दुपारी वसूल केली. मग प्रत्येक नियमाला त्याचा माणूस या रजिस्टरात आहे का ते विचारलं. सगळ्यांना मिळाला.

प्रत छापखान्यात दिली. पोरांचा प्रतिनिधी म्हणून ११ तारखेला वस्तादकाकांचं नाव सुचवणार आहेत, सुचवणारे तेच ज्येष्ठ सदस्य.